सतरा सेकंदांचा घास

हेमलताबाई म्हेत्रे आपल्या यजमानांना बेचाळीस चमचे खिचडी अकरा मिनिटांत भरवत असत. खाली सांडणे नाही, हनुवटीवर ओघळ नाही, की मान फिरवणे नाही. इचलकरंजीच्या वेशीबाहेर नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ‘दिलासा निवास’ होते. विस्मरणाच्या आजाराने घेरलेली चाळीस वृद्ध माणसे तेथे कायमची राहत. या चाळिसांत दुपारचे जेवण सर्वांत आधी उरकत असे ते श्रीपतराव म्हेत्र्यांचे. हेमलताबाई रोज सव्वाअकराच्या विजेच्या बसने येत, पदर खोचत, वाटी हातात घेत आणि बारा वाजायच्या आत त्यांचे तोंड पुसून मोकळ्या होत.

“काकू, तुम्हालाच इथं नोकरीला ठेवायला पाहिजे बघा,” सुरय्या म्हणे. ती निवासातील सर्वांत जुनी सेविका. “माझ्या तिघी म्हाताऱ्या अजून पहिल्या घासावर, आणि तुमची वाटी धुऊन पालथी!”

“एकोणपन्नास वर्षं वाढतेय यांना,” हेमलताबाई म्हणत. “कारखान्याचा भोंगा झाला की अर्ध्या तासाची सुट्टी. त्यात चालत घरी यायचं, जेवायचं, परत जायचं. ताटाला उशीर झाला असं एकदा म्हणून झालं न्हाई माझ्याकडनं.”

श्रीपतराव यंत्रमागांचे जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो पुन्हा लावून देणारे कारागीर. मागाच्या नुसत्या आवाजावरून ते दुखणे ओळखत. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे माग भंगारात गेले, त्यांच्या जागी बिनधोट्याचे वेगवान माग आले, आणि त्याच सुमारास श्रीपतरावांची स्मृतीही एकेक करून पुर्जे गमावू लागली. आता ते खुर्चीत बसत, समोर पाहत आणि आठवड्यातून दोन-तीन शब्द बोलत. हात मांडीवर ठेवलेले असत, अगदी कुणीतरी नीट ठेवून दिल्यासारखे.

एका सोमवारी निवासाचे डॉक्टर बिरनाळे वाटीपाशी येऊन उभे राहिले.

“म्हेत्रेकाकू, तीन आठवड्यांनी वार्षिक तपासणी आहे. गेल्या वर्षी काका निम्मं जेवण स्वतःच्या हातानं जेवत होते. यंदा एक चमचाही नाही. अर्धी वाटी स्वतः जेवता आली नाही, तर नियमाप्रमाणे त्यांना वरच्या मजल्यावर हलवावं लागेल.”

वरच्या मजल्याचा अर्थ हेमलताबाईंना ठाऊक होता. तेथे खाटा शेजारी शेजारी होत्या, नाकातून घातलेल्या नळीने ठरल्या वेळी अन्न दिले जाई, आणि नातेवाइकांना भेट रविवारी एक तास. गेल्या आठ वर्षांत वर गेलेले कुणी खाली परत आले नव्हते.

“मी येते की रोज भरवायला! नळी कशाला त्यांना?”

“तुम्ही बहात्तर वर्षांच्या आहात. उद्या तापानं पडलात तर?” डॉक्टरांच्या आवाजात कठोरपणा नव्हता.

त्यांच्या मागे एक सडपातळ मुलगी उभी होती. इरावती ऐनापुरे ही उपकरणशास्त्राची अभियंता गेले दोन महिने निवासात नोंदी घेत फिरत होती. तिने पुढे होऊन मऊ कापडाचे दोन पट्टे टेबलावर ठेवले.

“आजी, एक प्रयोग करू या? एक पट्टा आजोबांच्या हाताला, एक तुमच्या. बाकी तुम्ही रोज भरवता तसंच भरवायचं.”

“दुखतंय का?”

“घड्याळाइतकंसुद्धा नाही.”

या पट्ट्याचे नाव होते ‘चाहूल’. त्यामागचे तत्त्व सांगायला सोपे, पण उपकरणात उतरवायला फार अवघड होते. हात उचलावा असे मनात आले की मेंदूकडून स्नायूंना आदेश सुटतो. आदेश पोचताच स्नायूंच्या तंतूंत अतिशय क्षीण विद्युत्स्पंदने उठतात आणि त्यानंतर हात हलतो. निरोगी माणसात हे सारे अर्ध्या सेकंदाच्या आत घडते. विस्मरणाच्या आजारात मात्र आदेश एका दमात सुटत नाही. तो निघतो, वाटेत विरतो, पुन्हा निघतो. बाहेरून पाहणाऱ्याला हात निपचित पडलेला दिसतो, परंतु त्वचेखाली स्पंदने उठत असतात, मावळत असतात आणि पुन्हा उठत असतात. ‘चाहूल’मधील सोळा संवेदक ही स्पंदने टिपत. मग सोबतच्या माणसाच्या मनगटावरील दुसरा पट्टा हलकेच टिचक्या देई. टिचकी लागली की समजावे, समोरचा माणूस निघाला आहे, अजून पोचलेला नाही.

त्या दुपारी हेमलताबाईंनी नेहमीप्रमाणे बेचाळीस चमचे भरवले. मनगटावर अधूनमधून काहीतरी टुकटुकत होते, त्याकडे त्यांनी लक्ष दिले नाही. जेवण झाल्यावर इरावतीने पडद्यावर दोन रेषा दाखवल्या. वरची निळी, खालची तांबडी.

“निळी रेष आजोबांची. घास गिळून झाल्यावर चौथ्या सेकंदाला ती वर चढायला लागते, बघा. म्हणजे त्यांच्या मनात आलं, चमचा घ्यावा. तांबडी रेष तुमची. तुम्ही दुसऱ्या सेकंदालाच पुढचा चमचा उचलता. चमचा ओठाला लागला की निळी रेष खाली पडते.”

“का पडते?”

“काम झालेलं असतं ना. मग हात कशाला उचलायचा?”

“किती वेळा झालं असं?”

“बेचाळिसांपैकी अडतीस वेळा.”

हेमलताबाईंनी मनगटावरचा पट्टा काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

“म्हणजे ह्यांचा हात मी मारला म्हणा की.”

“आजी, तसं नाही...”

“तसंच हाय. रेषा काढून दाखवलीस आणि वर तसं न्हाई म्हणतीस?”

त्या पिशवी उचलून निघाल्या. फाटकाशी बस यायला अवकाश होता. इरावती धावत बाहेर आली आणि बाकावर शेजारी बसली.

“तू धोट्याचा माग बघितलायस?” हेमलताबाईंनी एकाएकी विचारले.

“नाही. मी पदविकेला गेले तोपर्यंत ते सगळे गेले होते.”

“मी ह्यांच्याच मागांच्या शेडमध्ये कांड्यांवर सूत भरायला होते. तिथंच ह्यांनी मला पहिल्यांदा बघितलं.” त्यांनी दोन्ही तळहात एकावर एक धरले आणि सावकाश वेगळे केले. “हे ताण्याचे उभे धागे. निम्मे वर जातात, निम्मे खाली. मधे फट पडते. त्या फटीतनं धोटा आडवा धावतो, आडवा धागा घेऊन. फट पुरती उघडायच्या आत धोटा सुटला तर काय हुईल?”

“अडकेल.”

“अडकतोय, आणि जाताना शेदोनशे धागे तोडून जातोय. जोडायला अख्खा दिवस. मालक म्हणायचे, धागाच कच्चा. हे म्हणायचे, धाग्याला बोल लावू नका, तुमचा धोटा लवकर सुटतोय.” त्यांनी हात पुन्हा जुळवले. “माझा धोटा लवकर सुटतोय. हो ना?”

इरावतीने मान डोलावली. पदविकेच्या तीन वर्षांत तिला आपल्याच उपकरणाचे तत्त्व इतक्या स्वच्छपणे कुणी समजावले नव्हते.

मग तिने आपल्या दोन महिन्यांच्या नोंदी सांगितल्या. निवासात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. जेवण वेळेत व्हावे म्हणून सेविका लगबगीने भरवत. लगबगीमुळे ठसका लागे. ठसका लागतो म्हणून आहार पातळ केला जाई. पातळ आहार चावावा लागत नाही, म्हणून जबड्याचे स्नायू सैलावत. जबडा सैलावला की गिळणे मंदावे आणि ठसका अधिकच लागे. चालण्याचेही तेच होते. पडू नये म्हणून माणसाला बसवायचे, बसून पाय अशक्त व्हायचे, अशक्त पाय पाहून त्याला अधिकच जपायचे. आजार जेवढे नेत होता त्याहून कितीतरी अधिक माया नेत होती, आणि ते कोणत्याच तक्त्यावर दिसत नव्हते.

“मग किती थांबायचं?” बस दिसू लागली तेव्हा हेमलताबाईंनी विचारले.

“आजोबांच्या निळ्या रेषेवरून माझा अंदाज सतरा सेकंदांचा आहे.”

“एवढंच? सतरा सेकंद थांबायला मला काय धाड भरलीय!” आणि त्या पायरी चढल्या.

सतरा सेकंद हा काळ किती लांब असतो, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळले.

वाटी समोर, चमचा वाटीत, श्रीपतराव समोर. मनगटावर टिचकी वाजली. पाच सेकंद झाले, सहा झाले. श्रीपतरावांची बोटे मांडीवरून किंचित उचलली गेली आणि त्याच क्षणी हेमलताबाईंचा हात आपोआप पुढे गेला. चमचा तोंडात! बोटे पुन्हा मांडीवर.

“काकू!” सुरय्या ओरडली.

“मी न्हाई केलं. हात गेला.”

तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच्या हातांवर बसल्या. चौथ्या दिवशी सुरय्याने त्यांचे उजवे मनगट त्यांच्याच पदराच्या टोकाने खुर्चीच्या दांड्याला बांधले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने भरवले. भुकेल्या नवऱ्यापुढे अन्न ठेवून स्वस्थ बसणे हा त्यांच्या लेखी अपराध होता. एकोणपन्नास वर्षांची सवय सतरा सेकंदांना जुमानत नव्हती.

त्यात कोइमतूरहून मुलाचा, सुहासचा, फोन आला.

“आई, मी ऐकतोय ते खरं आहे? कुठल्या तरी यंत्राच्या सांगण्यावरून तू बाबांना उपाशी बसवतेस?”

“उपाशी न्हाई रे. थांबतेय.”

“त्यात फरक काय?”

“तेच शिकतेय,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. पोराने विचारलेला प्रश्न त्याही दिवसातून शंभर वेळा स्वतःला विचारत होत्या.

तपासणीला सोळा दिवस उरले तेव्हा सुरय्याने आपल्या तिघी म्हाताऱ्यांचे जेवण आटोपून हेमलताबाईंसमोर खुर्ची ओढली.

“काकू, एक बोलू? तुमचे हात रिकामे आहेत म्हणून मोकाट सुटतायत. त्यांना काम द्या.”

“कसलं काम?”

“तुम्ही पण जेवा की.”

“आत्ता? ह्यांच्या आधी?”

“आधी कोण म्हणतंय? बरोबर.”

हेमलताबाईंनी तिच्याकडे असे पाहिले, जणू तिने भर रस्त्यात नाचायला सांगितले होते. “अगं, मी कधी जेवले न्हाई ह्यांच्याबरोबर.”

“कधीच नाही?”

“लग्नात एकमेकांना घास दिला तेवढंच. सासूबाई होत्या तवर प्रश्नच नव्हता. त्या गेल्या, तोवर सवय झाली. आधी हे, मग सुहास, मग मी. मी जेवायला बसायचे तवर हे मागावर परत गेलेले असायचे.”

“म्हणजे काकांनी तुम्हाला जेवताना बघितलंच नाही?” सुरय्याने कपाळाला हात लावला. “एकोणपन्नास वर्षं? या अल्ला! उद्या डबा घेऊन या. नाही आणलात तर मी माझा आणून तुम्हाला भरवीन. सुटणार नाही तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी हेमलताबाईंच्या पिशवीत डबा होता. जोंधळ्याची भाकरी, पिठलं, कांदा. डबा उघडताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले, कुणी बघत तर नाही ना. मग श्रीपतरावांसमोर खिचडीची वाटी ठेवली, स्वतःसमोर ताट ठेवले, भाकरीचा तुकडा मोडला आणि अतिशय संकोचाने तोंडात घातला.

श्रीपतरावांची नजर समोरच्या भिंतीवरून सरकली आणि बायकोच्या तोंडावर येऊन थांबली.

मनगटावर टिचकी वाजली. हेमलताबाई घास चावत राहिल्या. पिठले घट्ट झाले होते, तोंडात भाकरी होती, उजव्या हाताची बोटे पिठल्याने माखली होती. त्या बोटांनी चमचा उचलणे शक्यच नव्हते. दुसरी टिचकी, तिसरी. समोरची बोटे मांडीवरून उठली, टेबलाच्या कडेला लागली, तेथे विसावली. पुन्हा निघाली. चमच्याचा दांडा बोटांत आला. चमचा थरथरत वर चढला, ओठांशी थोडा सांडला, आणि उरलेला तोंडात गेला.

कोपऱ्यात इरावती घड्याळ पाहत होती. तिने नुसते ओठ हलवून सांगितले, सतरा.

हेमलताबाईंच्या तोंडात घास तसाच होता. हसावे की रडावे हे ठरवण्याआधी तो गिळणे भाग होते, म्हणून त्यांनी तो आधी नीट गिळला. मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडच्या टेबलावरची एक म्हातारी दचकली आणि तीही हसू लागली.

“अहो!” त्या म्हणाल्या. “जेवलात की हो!”

श्रीपतराव त्यांच्याकडे पाहत होते. एखादी ओळखीची वस्तू अनोळखी जागी सापडावी तसे.

इरावतीने नंतर कारण समजावून सांगितले. दुसऱ्याला एखादी क्रिया करताना पाहिले की पाहणाऱ्याच्या मेंदूतही त्या क्रियेची तयारी सुरू होते. कुणी जांभई दिली की आपल्यालाही येते, तसेच. भरवणारा माणूस जेवण्याची क्रिया कधी दाखवतच नाही. तो फक्त चमचा पुढे करतो, आणि त्याला पाहून रुग्णाला तोंड उघडण्याखेरीज काहीच सुचत नाही.

“म्हणजे मी जेवले हाच औषधाचा भाग?”

“मुख्य भाग, आजी. पट्टा तुम्हाला थांबायला शिकवतो. निघायला आजोबांना तुम्ही शिकवता.”

ही गोष्ट टेबलावरून टेबलावर पसरायला वेळ लागला नाही. सुरय्याने आपला डबा तिघी म्हाताऱ्यांमध्ये उघडला. तिच्या डब्यातला खिमा-पाव पाहून त्यांपैकी एकीने नाक मुरडले, परंतु त्याच वेळी स्वतःचा भात स्वतः कालवला. व्यवस्थापक कुरकुरले. जेवण वीस मिनिटांत होत असे, आता पन्नास लागत, भांडी उशिरा घासली जात. परंतु दहा दिवसांत ठसक्याच्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या, तेव्हा त्यांनी भांड्यांची वेळ बदलली आणि स्वतःही एक डबा घेऊन येऊ लागले. हात धुऊन बसलेल्या चाळीस माणसांच्या खोलीत आता एक नवा आवाज ऐकू येई. चमच्यांचा, कमी-अधिक अंतराने, ज्याच्या त्याच्या वेळेने.

श्रीपतराव रोज थोडे पुढे सरकत होते. तीन चमचे, मग सात, मग अर्धी वाटी. आठव्या दिवशी हेमलताबाईंना ठसका लागला, तर त्यांनी पाण्याचा पेला बोटाने बायकोकडे ढकलला. तो अर्ध्यातच थांबला, पण दिशा बरोबर होती. हेमलताबाईंनी तो प्रसंग सुहासला फोनवर इतक्या वेळा सांगितला की तो म्हणाला, “आई, पुढच्या महिन्यात मी येतो. माझ्यासमोर पण ठसका लागू दे तुला.”

तपासणीचा दिवस उजाडला. डॉक्टर बिरनाळे कागद घेऊन टेबलाच्या टोकाला बसले. सुरय्या घशातील अन्न खेचण्याचे यंत्र घेऊन मागे उभी राहिली. इरावतीने पडदा आपल्याकडे वळवला. कसोटी साधी होती. अर्ध्या तासात अर्धी वाटी, स्वतःच्या हाताने. आदल्या दिवशी श्रीपतरावांनी तेवढे बावीस मिनिटांत केले होते.

“रोजच्यासारखंच बसा, काकू,” डॉक्टर म्हणाले. “तुमचं ताटही घ्या. फक्त त्यांना हात लावायचा नाही.”

हेमलताबाईंनी भाकरी मोडली. श्रीपतरावांनी त्यांच्याकडे पाहिले. सतरा सेकंद झाले, तीस झाले. हात टेबलावर आला आणि वाटीच्या अलीकडे थांबला.

मनगट गप्प होते. एकही टिचकी नाही.

दोन मिनिटे झाली, चार झाली, नऊ झाली. हेमलताबाई घास चावत होत्या आणि त्यांना त्याची चव लागत नव्हती. एक चमचा, त्यांच्या मनात येत होते, एकच चमचा आपण उचलून दिला तर पुढचा ते घेतील. त्यांनी भाकरी घट्ट धरून ठेवली. वरच्या मजल्याचा जिना त्यांच्या पाठीमागेच होता.

बाराव्या मिनिटाला डॉक्टरांनी लेखणी उचलली. “प्रतिसाद नाही असंच लिहावं लागेल, काकू. कधी कधी होतं असं. चार दिवस बरं जातं, मग...”

“थांबा.” हे इरावती म्हणाली. ती पडद्यावर वाकली होती. “टिचकी येत नाही, कारण मी यंत्राला फक्त घेण्याची हालचाल ओळखायला शिकवलंय. पण रेष सपाट नाहीये. बघा, आतले स्नायू शांत आहेत. बाहेरच्या बाजूचे, मनगट मागं नेणारे, ते सारखे चढतायत. अकरा मिनिटं झाली.”

“म्हणजे?”

“ते चमचा उचलायचा प्रयत्न करत नाहीयेत, डॉक्टर. ते वाटी ढकलायचा प्रयत्न करतायत.”

सगळ्यांनी पाहिले. श्रीपतरावांच्या हाताची पाठ वाटीला टेकली होती. वाटी बोटभर सरकली. पुन्हा थांबली. मग एका सलग, संथ, ठाम रेट्याने ती टेबलाच्या मध्यापर्यंत गेली, हेमलताबाईंच्या ताटाला खट्कन लागली आणि थांबली. तोच हात वाटीवरून पुढे आला, पिठल्याने माखलेला भाकरीचा तुकडा त्याने ताटातून उचलला आणि तोंडाकडे नेला.

“अहो, घट्ट आहार बंद आहे त्यांना!” डॉक्टर उठले. सुरय्याने यंत्राची नळी सरसावली. दोघांचे हात पुढे झाले.

हेमलताबाईंचा पिठल्याचा हात मध्ये आडवा आला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “तुमचा धोटा लवकर सुटतोय.”

डॉक्टरांना शब्द कळले नाहीत, पण हात कळला. ते खाली बसले आणि श्रीपतरावांच्या कंठावर दोन बोटे अलगद ठेवून राहिले. जबडा वर-खाली होऊ लागला. पहिल्यांदा अडखळत, मग लयीत. डॉक्टरांच्या बोटांखाली कंठमणी वर चढला, खाली आला. ठसका नाही. खाकरणे नाही.

“काका, काही बोला बरं,” डॉक्टर म्हणाले. घशात अन्न अडकले असेल तर आवाज ओला येतो, हे त्यांना तपासायचे होते.

श्रीपतरावांनी वाटीकडे पाहिले. बराच वेळ गेला. कुणीही मध्ये बोलले नाही.

“ते नको,” ते म्हणाले. आवाज कोरडा, स्वच्छ आणि जॉबरचा होता.

हेमलताबाईंनी ताटाला टेकलेली वाटी जवळ ओढली. दोन वर्षे ही खिचडी त्यांच्या हातून गेली होती, पण तिचे शितही त्यांच्या जिभेवर पडले नव्हते. ह्यांच्या वाटीतले आपण कसे घ्यायचे, हा प्रश्नसुद्धा कधी मनात आला नव्हता. आज त्यांनी चमचा भरला आणि तोंडात घातला.

मीठ नव्हते. हिंग नव्हता, मोहरी नव्हती, तुपाचा थेंब नव्हता. ओल्या भिंतीचा पोपडा चाटावा तशी ती होती.

“अगं बाई!” त्यांनी तोंडावर हात धरला. “दोन वर्षं हे भरवलं मी ह्यांना? आणि ह्यांनी गुमान खाल्लं? अहो, पहिल्याच दिवशी तोंडावर फेकायचं होतं माझ्या!” आणि त्या हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. “डॉक्टर, तुम्ही घ्या. न्हाई, घ्याच. एक चमचा.”

“काकू, मी तपासणीला...”

“ही पण तपासणीच हाय. रक्तदाबाचा तक्ता तुमचा, बिनमिठाचा हुकूम तुमचा.”

डॉक्टर बिरनाळ्यांनी चमचाभर खिचडी तोंडात घातली. चेहरा स्थिर ठेवण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. मग त्यांनी पाण्याचा पेला शोधला. सुरय्याने यंत्र खाली ठेवले आणि खुर्चीच्या पाठीला धरून हसू लागली. इरावतीने वाटीत बोट बुडवून चाखले आणि ‘ई’ केले.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. ‘अर्धी वाटी स्वतः जेवतो’ या रकान्यापुढे त्यांची लेखणी घुटमळली. खिचडी जवळजवळ पूर्ण शिल्लक होती. त्यांनी तो रकाना आडवी रेघ मारून खोडला आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिले: ‘काय जेवायचे ते स्वतः ठरवतो. खालचा मजला. आहार बदलावा.’ मग थोडा विचार करून पुढे जोडले, ‘चाळिसांचाही.’

“मीठ किती घालायचं ते मला विचारा,” हेमलताबाई म्हणाल्या. “तुमच्या तक्त्याला सांभाळून घालते. आणि फोडणी तरी द्या हो. फोडणीनं कुणाचा रक्तदाब वाढलेला मी ऐकला न्हाई.”

“लसूण चालेल?” डॉक्टर वही उघडून विचारू लागले. सुरय्याने आल्याचा आग्रह धरला. इरावती म्हणाली, आता यंत्राला ‘नको’ शिकवावे लागेल, तेच आधी शिकवायला हवे होते. चौघे एकाच वेळी बोलत होते.

तेवढ्यात श्रीपतरावांनी ताटातून भाकरीचा दुसरा तुकडा घेतला. त्याला किती सेकंद लागले, ते कुणीच मोजले नाही.